सुईवाल्या बाईंनी बोट बदलली

“पण तिथे आपल्याला ओळखतं कोण?”

“कुणी नाही. म्हणून तर जायचंय.”

“हे काय कारण झालं? माणूस ओळखीच्या ठिकाणी जातो की अनोळखी?”

“कामाला ओळखीच्या. सुट्टीला अनोळखी.”

“अगं, लाल बोटीवर आपल्याला खिडकीजवळचं टेबल मिळतं. दर वर्षी. न मागता. ते कुणाच्या जिवावर?”

“माझ्या.”

“मग झालं तर.”

“त्या टेबलावर मी गरम सूप शेवटचं कधी प्यायले, तेवढं फक्त सांगा.”

मामा छताकडे बघून आठवायला लागला. पुढचं काही सुचायच्या आत मामीने शिलाई मशीनचं पायडल दाबलं. हे तिचं हुकमी हत्यार. भांडणात स्वतःचं वाक्य संपलं की ती एक लांब शिवण मारते. त्या घरघरीत समोरच्याचं बोलणं बुडून जातं आणि शिवण संपेपर्यंत त्याचा अर्धा राग उतरलेला असतो. मामा तिच्याशी इतकी वर्षं भांडतोय तो असा, तुकड्यातुकड्यांनी.

मी आणि ताई, म्हणजे त्यांची मुलगी, काउंटरवर चढून पाय हलवत बसलो होतो. मामीच्या दुकानात भांडण बघायला हीच सगळ्यात चांगली जागा. बाकी दुकान म्हणजे किल्ल्या बनवणारा आणि ड्रायक्लीनर यांच्यामध्ये चेपून बसवलेली एक लांबट खोली. एका टोकाला मशीन, दुसऱ्या टोकाला आरसा, आणि मधोमध एक लाकडी ठोकळा. नवे कपडे मामी शिवत नाही. लोकांचे जुने कपडे सैल करते, घट्ट करते, आखूड करते आणि पुन्हा माणसात आणते. गिऱ्हाईक त्या ठोकळ्यावर उभं राहतं आणि मामी खाली गुडघ्यांवर, ओठांत टाचण्या धरून. त्यामुळे तिचं अर्धं बोलणं ओठ मिटूनच चालतं. ‘म्म’ म्हणजे हो. ‘म्म-म्म’ म्हणजे नाही. आणि लांबलचक ‘म्मऽऽ’ म्हणजे तुम्ही जाड झाला आहात, पण ते मी बोलून दाखवणार नाही. टाचण्या काढून ती एकच वाक्य बोलते, आणि ते प्रत्येकाला बोलते: “सरळ बघा. खाली वाकून बघू नका, घेर वाकडा होतो.” आणि प्रत्येक जण खाली वाकून बघतोच.

शिवण संपली. मामा वाटच बघत होता.

“पिवळ्या बोटीवर जायचं म्हणजे,” तो म्हणाला, “लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक?”

“लाल बोटीवरचे.”

ताईला हसू फुटलं. लाल आणि पिवळी ही आमच्या घरातली नावं. दोन क्रूझ कंपन्या, एकाच धक्क्यावरून सुटणाऱ्या. एकीच्या बोटींची धुरांडी लाल, दुसरीच्या पिवळी. आमचं घर लाल. मामा तर इतका लाल की समुद्रात लांबवर पिवळं धुरांडं दिसलं की रेलिंगवर कोपरं टेकून म्हणायचा, “बिचारे.”

याचं मूळ पहिल्या सफरीत आहे. तेव्हा मी आणि ताई लहान होतो. नटूनथटून जेवायला जायची संध्याकाळ होती, आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या जरा आधी बोटीवरच्या गायिकेच्या ड्रेसची पाठीवरची चेन वरपासून खालपर्यंत उसवली. ती बिचारी पडद्यामागे भिंतीला पाठ लावून उभी. मामीच्या पर्समध्ये सुईदोरा होता. तो नसता तरच नवल. तिने त्या बाईला ड्रेसमध्ये अक्षरशः शिवून टाकलं. गायिकेने अख्खा कार्यक्रम न वाकता केला आणि शेवटी माईकवर सांगितलं, “आज मी तुमच्यासमोर उभी आहे ती सुईवाल्या बाईंमुळे.” टाळ्या पडल्या. टाळ्या मामीला होत्या. उठून वाकला मामा.

पुढच्या वर्षी केबिनमध्ये फळांची परडी आमची वाट बघत होती. परडीशेजारी दोन-तीन पँटी, घडी घालून.

मग ते वाढतच गेलं. त्याचं असं आहे, त्या खास संध्याकाळी लोक मागच्या वर्षीचे कपडे बाहेर काढतात. मधल्या काळात मालकाने काय काय खाल्लंय याची कापडाला कल्पना नसते. बटणं उडतात, हुक तुटतात, कुणी श्वास घेतला की काखेत टरकन आवाज येतो. आणि मग आमच्या केबिनचा फोन वाजतो. सुईवाल्या बाई आहेत का? आहेत. पाच मिनिटांचंच काम आहे. या. कंपनीने कौतुक म्हणून आम्हाला केबिनही अशी दिली की नाचाच्या हॉलच्या बरोबर खाली, म्हणजे लोकांना कपडे घेऊन यायला लांब पडू नये. वर बॅण्ड वाजायचा आणि मामी खाली पलंगाच्या कडेला बसून टाके घालायची. छतातून सूर यायचे नाहीत, फक्त पाय यायचे. ती पायांवरून सांगायची, “हे संथ गाणं आहे. आता गोल गोल फिरतायत. अगं बाई, कुणीतरी कुणाचा तरी पाय तुडवला.” मी आणि ताई हसून लोळायचो. मामा वर असायचा, खिडकीजवळच्या टेबलावर, तिचं सूप गार होऊ नये म्हणून त्यावर बशी झाकून बसलेला.

“मला एक सांग आई,” ताई काउंटरवरून म्हणाली, “तुला त्या कामाचा कंटाळा आलाय का?”

“अजिबात नाही.” मामीने मशीनवरून हात काढले. “काम मला आवडतं. लोक आवडतात. पण मागच्या वर्षी मी शेवटची पँट उरकून वर गेले तर वेटर खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होते. तो बाजा वाजवणारा मला म्हणतो, ‘मजा आली ना आज?’ मी म्हटलं, ‘हो, खूप.’” तिने लोंबणारा दोरा दातांनी तोडला. “मला एकदा गाणं सुरू होताना तिथे उभं राहायचंय. संपताना नाही. सुरू होताना.”

मामा जरा नरमला, पण हरला नाही. “एवढंच ना? मग लाल बोटीवर जाऊ आणि ह्या वर्षी तू फोन उचलू नकोस.”

“वाजणारा फोन मी उचलणार नाही? मी?”

यावर दुकानात कुणालाच गंभीर राहता आलं नाही. मामालाही.

“आणि तुम्ही नाचणार का माझ्याबरोबर?” मामीने लगेच दुसरा टाका घातला.

मामाने स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिलं. मामा गाडी चालवायला शिकवतो. आयुष्य शेजारच्या सीटवर काढलेलं, पाय कायम शिकवणीच्या गाडीतल्या जादा ब्रेकवर. आता तो पाय त्याच्या ताब्यात राहिलेला नाही. कुणी दचकलं, पेला पडला, की मामाचा उजवा पाय जमीन दाबतो. जिथे असेल तिथे. लग्नानंतर एकदाच त्यांनी नाच करून पाहिला होता आणि मामी अजून सांगते की प्रत्येक वळणावर गाडी बंद पडत होती.

“नाचेन,” तो म्हणाला. “पण एकदाच. आणि तिथे काही बिनसलं तर बोलणार मी.”

“बोला की. तुम्हाला कुणी अडवलंय कधी?”

तर असं ठरलं, आणि ठरल्या दिवसापासून मामीच्या अंगात वारं शिरलं. गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करता करता ती गुणगुणायला लागली. किल्लीवाल्याला बोलावून बोटीचे फोटो दाखवले. आणि एका दुपारी माळ्यावरून एक कापडाचा तागा खाली काढला, मोरपंखी, मऊ, कधीतरी घेऊन ठेवलेला. मामी स्वतःसाठी ड्रेस शिवणार होती. पायघोळ. जगाच्या कमरा सैल करणाऱ्या बाईने स्वतःचं माप घेतलं, आणि टेपकडे बघून स्वतःलाच म्हणाली, “म्मऽऽ.”

ड्रेस सुंदर झाला. राहिला खालचा घेर. आता पंचाईत अशी की घेराला टाचण्या लावायला एक माणूस गुडघ्यांवर हवा आणि एक ठोकळ्यावर. ठोकळ्यावर मामी असताना गुडघ्यांवर कोण?

“मी करते,” ताई म्हणाली.

“तुझ्या हातात टाचणी म्हणजे रक्तदान.”

“मी करतो,” मामा म्हणाला. “सरळ रेषेत न्यायचं, एवढंच ना? धंदाच आहे माझा.”

त्याने बाह्या सारल्या, गुडघे टेकले, आणि मामीसारख्याच टाचण्या ओठांत धरल्या. मामी ठोकळ्यावर चढली. इतकी वर्षं तिने लोकांना तिथे चढवलं. स्वतः पहिल्यांदाच चढत होती. वरून दुकान वेगळंच दिसत असावं, कारण ती उगाच लाजली.

“फार वर घेऊ नका.”

“म्म.”

“आणि शिवणीपाशी जरा झोल द्या.”

“म्म-म्म.”

“म्म-म्म काय? द्या म्हणतेय ना. बघू.” आणि ती वाकली.

पुढून घेर लोंबला, मागून उचलला. मामाने ओठांतल्या टाचण्या तळहातावर काढल्या. “सरळ बघ. पुढे बघ. रस्त्यावर लक्ष ठेव.”

“बघतेय. तिकडे तिरकं झालं का?”

“तू वाकलीस म्हणून झालं.”

“मी कुठे वाकले?” ती वाकून म्हणाली.

मी आणि ताई एव्हाना आरशाला टेकून डोळे पुसत होतो. अख्खी दुपार गेली. दर दोन टाचण्यांना मामी खाली बघत होती, दर दोन टाचण्यांना मामा तिला रस्त्यावर आणत होता. शेवटी त्याने जाहीर केलं की झालं, आणि मामीने, जिने आजवर कुणाच्या टाचणीवर विश्वास ठेवला नव्हता, त्या खुणांवरून घेर शिवून टाकला. आरशात बघितलंसुद्धा नाही. इतकी खूश होती.

निघायच्या दिवशी सुयांचा डबा दुकानात कुलूपबंद झाला. ते तिचं तिनेच ठरवलेलं. तरी ताईने तिची पर्स तपासली, कोट झटकला. कॉलरच्या आतल्या बाजूला एक दोरा ओवलेली सुई टोचलेली सापडली.

“आई.”

“अगं ती सवय आहे. सामान नव्हे.”

तीही काढली.

पिवळी बोट लाल बोटीपेक्षा मोठी होती, उंच होती, आणि तिच्या मधोमध काचेची लिफ्ट होती. मामी त्या लिफ्टमधून वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. दारात स्वागताला उभ्या असलेल्या मुलीने विचारलं, “आमच्याकडे पहिल्यांदाच का?” मामी शाळेच्या पहिल्या दिवसासारखी म्हणाली, “हो.” तिला नाव विचारलं गेलं. आडनाव विचारलं गेलं. पुन्हा सांगावं लागलं, कारण त्या मुलीला नीट ऐकू आलं नव्हतं. मामी वळून आम्हाला हळूच म्हणाली, “बघितलंत? काही म्हणजे काही माहीत नाही हिला.” तिचे डोळे चमकत होते.

मामाचं मात्र सुतक चालू होतं.

“लाल बोटीवर टॉवेल जाड असतो.”

“हो बाबा.”

“लाल बोटीवर पावाबरोबर लोणी आधीच येतं.”

“बाबा, तुम्ही दर वेळी ‘लाल बोटीवर’ म्हणालात की मी लिफ्टमध्ये एक फेरी मारून येणार आहे,” ताई म्हणाली. त्या दिवशी तिचं जेवण झालंच नाही.

खरी जखम टेबलाची होती. आम्हाला टेबल मिळालं ते स्वयंपाकघराच्या दाराशी. दोन्हीकडे झुलणारं दार, वेटर पायाने ढकलून बाहेर यायचा आणि दार मामाच्या खुर्चीला धडकायचं. दर धडकेला मामाचा पाय ब्रेक दाबत होता. समुद्र कुठे दिसत नव्हता. दिसत होता तो धुतलेल्या बश्यांचा डोंगर. मामी शांतपणे सूप पीत होती. चमच्यातून वाफ येत होती. प्रत्येक घोटाला ती डोळे मिटत होती.

आणि तरीही. जेवून केबिनमध्ये आलो तर ती पलंगाच्या कडेला बसून फोनकडे बघत होती. मग तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला.

“काय झालं?” मी विचारलं.

“चालू आहे,” ती म्हणाली. रिसीव्हर जागेवर ठेवला. “वाजत नाही एवढंच.” आणि मग एकदम उठून, “उद्या सजायचंय. चला, ड्रेस काढून ठेवू, सुरकुत्या पडतील.”

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आमच्या केबिनमध्ये पावडर, केसांच्या पिना आणि परस्परविरोधी सल्ले उडत होते. मामी मोरपंखी ड्रेस घालून उंच आरशापुढे उभी राहिली. उभ्या उभ्याच तिची नजर खाली गेली, आणि तिथेच अडकली.

“अहो.”

“काय?”

“ही रेषा सरळ आहे?”

मामा लांबून बघायला गेला, मग जवळून. मान एकीकडे केली. मग दुसरीकडे.

“बोट कलली असेल,” तो म्हणाला.

डावीकडून ड्रेस बुटावर टेकत होता आणि उजवीकडून घोटा दिसत होता. मधल्या भागात घेर एका टेकडीवर चढून उतरत होता. मामी हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग तिला पलंगावर बसावं लागलं. “सरळ रेषेत न्यायचं,” तिला बोलवत नव्हतं, “धंदाच आहे माझा.” मामा हसावं की रागवावं या विचारात उभा, आणि मग तोही तिच्या शेजारी बसून हसायला लागला.

ताईने ड्रॉवर उघडला. प्रत्येक केबिनमध्ये असते तशी पुठ्ठ्याची छोटी पाकिटं होती, सुई, दोरा, दोन बटणं. “आई, अजून वेळ आहे.”

मामीने ड्रॉवर ढकलून बंद केला. “राहू दे. सुई हातात घेतली की मी ओळखीची होते.”

मामा उठला, कोटाची कॉलर नीट केली. “तुम्ही या. मी टेबलाचं काही जमतंय का बघतो,” म्हणून पुढे गेला.

आम्ही तिघी जिन्याने वर आलो. नाचाच्या हॉलबाहेर गालिचा घातलेली मोकळी जागा होती, आणि हॉलचं दार उघडं होतं. मामी दाराच्या अलीकडे थांबली. आत कुणीतरी व्हायोलिनची एकच तार पुन्हा पुन्हा ओढत होतं. मग दुसरं वाद्य त्याला येऊन मिळालं. मग तिसरं.

“हे काय चाललंय?” तिने विचारलं.

“सूर जुळवतायत.”

“असं जुळवतात होय?” तिने माझा हात धरला. “हे कधी छतातून आलंच नाही गं. गाण्याआधी हे एवढं असतं, मला माहीतच नाही.” दुपारीच तिने आत जाऊन जागा हेरून ठेवली होती, खांबाजवळ, वाजवणाऱ्यांचे हात दिसतील अशी. “चला, चला, नाहीतर कुणी उभं राहील तिथे.”

आणि तेवढ्यात मामा आला. चेहरा असा उजळलेला, की आम्ही सगळ्यात आधी तेच पाहिलं. मग दिसला त्याच्याबरोबरचा माणूस, पांढऱ्या कोटातला, छातीवर बिल्ला असलेला, जेवणाच्या हॉलचा मुख्य. त्याच्या हातावर एक काळा कोट होता.

“खिडकीजवळचं,” मामा म्हणाला. “मिळालं.”

“मॅडम,” तो मुख्य अदबीने वाकला, “सुईवाल्या बाई म्हणजे आपणच? लाल धुरांड्यांच्या कंपनीतून आमच्याकडे आलेली मंडळी अजून आपलं नाव काढतात. आपण बोटीवर आहात आणि आम्हाला पत्ताच नाही. साहेबांनी सांगितलं म्हणून कळलं.”

मामी त्याच्याकडे बघतच नव्हती.

“तुम्ही सांगितलंत?”

“सांगितलं म्हणजे,” मामा म्हणाला, “मी टेबलाचं विचारायला गेलो. त्याने विचारलं, आपण काय करता. मी म्हटलं, गाडी शिकवतो. तो म्हणाला, ‘अच्छा.’” मामाचा आवाज खाली आला. “मग तुझं सांगितलं. तर खुर्चीतून उभा राहिला गं.”

मामीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. राग होता, पण नुसता राग नव्हता. मामाच्या मागे भिंतीला पाठ लावून एक जाडगेले गृहस्थ उभे होते, दोन्ही हातांनी पँटची कंबर धरून. त्यांच्या पलीकडे एक बाई खांद्यावरचा पट्टा बोटांत धरून होत्या. दोघांच्याही डोळ्यांत ती ओळखीची आशा.

“पाचच मिनिटांचं काम आहे, मॅडम,” मुख्य म्हणाला आणि हातावरचा कोट पुढे केला. “बघता का?”

मामीचा हात आपसूक गेला. कोटाची बाही तिने दोन बोटांत धरली, उलटी केली, उसवलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. खरंच पाचच मिनिटांचं होतं. तिला ते कळलं, आणि तिला कळलेलं आम्हाला कळलं. मामा तिच्या तोंडाकडे बघत होता, खिडकीजवळचं टेबल आणि बायको दोन्ही एकदमच हवं असलेल्या माणसासारखा.

आत सूर जुळवणं थांबलं. दिवे मंद झाले. कुणीतरी दोन काठ्या एकमेकींवर वाजवून ताल दिला.

मामीने बाही पुन्हा सुलटी केली, कोटाच्या घडीवर नीट ठेवली, वरून हात फिरवला.

“अगं,” मामा म्हणाला, “मग यांना सांगू काय मी?”

तिने दोन्ही हातांनी घेर उचलला, एका बाजूने जरा जास्त, आणि मान ताठ ठेवून, सरळ पुढे बघत, दारातून आत निघून गेली.